आमची रांग कुणी अडवली?

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही 2011 साली पुण्याहून न्यू जर्सीला आलो. यजमान आयटीत आहेत, एच-वन-बी व्हिसावर. ग्रीन कार्डाच्या रांगेतली जागा ठरवणारी आमची तारीख 2016 ची आहे आणि नंबर कधी लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. इतक्या वर्षांत आम्ही एक कर चुकवला नाही, एक कागद उशिरा दिला नाही. व्हिसाच्या शिक्क्यासाठी भारतात अडकून पडू या भीतीने यजमान सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणातही गेले नाहीत. थोरली मुलगी चार वर्षांची असताना आमच्याबरोबर आली, आता एकोणीसची आहे, कॉलेजात शिकते. धाकटा इथेच 2018 मध्ये झाला.

गेली तीन वर्षं धाकट्याला सांभाळायला एक ग्वाटेमालाच्या बाई येतात. स्कूल बसवरून त्याला आणतात, खाऊ घालतात, थोडी आवराआवर करतात. माझं बघून बघून वरणाला फोडणी द्यायलाही शिकल्या. तासाला बारा डॉलर, रोख. त्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत हे आम्हाला माहीत आहे. मागच्या महिन्यात त्या कामगारांच्या कुठल्याशा सभेला जाऊन आल्या आणि म्हणाल्या, किमान वेतन द्या, आजारी होते त्या दोन दिवसांचेही पैसे द्या. यजमान भडकले. 'कायदा मोडून आलेल्यांनी आम्हाला कायदा शिकवायचा? एक फोन केला तर उद्या विमानात बसेल,' असं जेवताना बोलले. मुलगी ताटावरून उठली. ती अशा लोकांच्या मोर्च्यांना जाते हे आम्हाला तेव्हा कळलं. तेव्हापासून बापलेकीत बोलणं नाही.

खरं सांगू? यजमान बोलले ते मलाही पटतं. आम्ही नियमाने रांगेत उभे, आणि रांग मोडून आलेल्यांना परवाने, शाळा, हक्क सगळं हवं. यात माझं काय चुकतं? आणि घरातली ही कोंडी फोडू कशी?

— एडिसनहून एक आई

नमस्कार.

आधी त्या फोनचं बघू. तो कुणीही करणार नाही, हे यजमानांनी मुलीसमोर स्वच्छ सांगायला हवं, आणि आजच. रागात माणूस बोलून जातो, मान्य. पण ज्यांच्या भरवशावर तुम्ही रोज दुपारी पोटचा मुलगा ठेवता, त्यांनी पगार मागितला म्हणून त्यांना हद्दपारीचा धाक घालायचा, हे तुमच्या घराला शोभत नाही. कायद्यालाही ते चालत नाही. कामगाराच्या कागदपत्रांचा धाक दाखवून वेतनाची लबाडी झाकणाऱ्या मालकाला दंड करण्याचा कायदा न्यू जर्सीने 2024 मध्येच केला आहे.

आणि त्या बाईंनी मागितलं तरी काय? 2025 मध्ये न्यू जर्सीतलं किमान वेतन ताशी 15.49 डॉलर होतं. पाचपर्यंत माणसं कामाला ठेवणाऱ्या छोट्या मालकांसाठी 14.53. तुम्ही बारा देत होतात. तीस तास काम झालं की एक तास पगारी आजारपणाची रजा साठते, हा तिथला 2018 पासूनचा कायदा आहे. घरकामगारांसाठी जुलै 2024 पासून वेगळा कायदा लागू आहे. त्यात लेखी करार आला, मधली सुट्टी आली, कामावरून काढण्याआधी दोन आठवड्यांची नोटीस आली. यातलं काहीही कामगाराचा व्हिसा बघून ठरत नाही. त्यांनी दया मागितलेली नाही, केलेल्या कामाचा दाम मागितला आहे.

आता जे लिहिणार आहे ते तुम्हाला लागेल, पण ते टाळलं तर हे उत्तरच खोटं ठरेल. तुम्ही लिहिता, एक कर चुकवला नाही. घरी माणूस कामाला ठेवून वर्षाला काही हजार डॉलर पगार दिला, की मालकाला त्यावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा, म्हणजे म्हातारपणीच्या पेन्शनचा आणि आरोग्यविम्याचा, कर भरावा लागतो. तीन वर्षं रोखीने पगार दिलात, म्हणजे बहुधा तो कर भरलेला नाही. शिवाय काम करण्याची परवानगी नाही हे माहीत असून कुणाला नेमणं हे 1986 पासून मालकासाठीच बेकायदा आहे. ज्या कायद्याने राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात सत्तावीस लाखांच्या आसपास लोकांना कागदपत्रं मिळाली, त्याच कायद्यात हे कलम आहे. तुमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत असंच चालत असेल, म्हणून तुम्हाला ते वावगं वाटलं नसेल. पण कायदा मोडल्याचा दोष फक्त त्या बाईंच्या पदरात टाकता येणार नाही. त्यांच्याकडे कागद नाहीत म्हणूनच त्या बारा डॉलरमध्ये येत होत्या, आणि त्या स्वस्ताईचा फायदा तीन वर्षं तुमच्या घराला झाला.

तुमचा राग मात्र मला खोटा वाटत नाही. वडिलांना शेवटचं भेटता येऊ नये, नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळावा लागावा, घर घेताना दहादा विचार करावा लागावा, हे पंधरा वर्षं सोसणाऱ्या माणसाला 'तुम्ही नशीबवान आहात' असं कुणी म्हटलं तर तळपायाची आग मस्तकात जाणारच. पण ही रांग अडवली कुणी, ते एकदा शांतपणे बघा. नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डं देते, आणि त्यात बायकापोरंही धरलेली असतात. कुठल्याही एका देशाला त्यातला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. आइसलँडलाही तोच नियम आणि भारतालाही तोच. हे आकडे 1990 च्या कायद्यातले आहेत. ते बदलण्याची विधेयकं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, अनेकदा आली आणि पडून राहिली. ग्वाटेमालाच्या त्या बाईंनी तुमच्या वाट्याचं एकही कार्ड घेतलेलं नाही, कारण त्या या रांगेत नाहीतच. राग आहे वॉशिंग्टनवर आणि निघतो आहे स्वयंपाकघरातल्या बाईवर. वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात ते हेच.

'मग त्यांनीही रांगेत उभं राहायचं होतं' हे वाक्य मी मराठी घरांतून फार ऐकते. कुठल्या रांगेत? मुलं सांभाळणारी, भांडी घासणारी, शेतात राबणारी, छपरं शाकारणारी माणसं कायमची आणायची तर त्यांच्यासाठी ग्रीन कार्डांचा एक कोटा आहे खरा. तो साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला जास्तीत जास्त 10,000 आहे. इतक्या मोठ्या देशाला इतकीच घरकामाची, शेताची, बांधकामाची माणसं लागतात, असं कुणीही मानत नाही. 1942 ते 1964 या काळात अमेरिकेने स्वतःच मेक्सिकोतून मजूर करारावर आणले. ती ब्रासेरो योजना. पंचेचाळीस लाखांच्या आसपास करार झाले. मग योजना बंद पडली, आणि 1965 च्या कायद्याने अमेरिका खंडातून येणाऱ्यांवर पहिल्यांदाच संख्येची मर्यादा घातली. मळे तिथेच होते, मजूर तेच होते, कागद तेवढे संपले. 1965 च्याच कायद्याने आशियाई लोकांची वाट मोकळी केली आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर अमेरिकेला जाऊ लागले. एकाच कायद्याने आपल्याला दार उघडलं आणि त्यांची वाट अरुंद केली, हे आपल्या लोकांना कुणी सांगत नाही.

ग्वाटेमालाचं दुखणं आणखी वेगळं. तिथलं निवडून आलेलं सरकार 1954 मध्ये सीआयएच्या मदतीने उलथवलं गेलं. पुढे 1960 ते 1996 अशी छत्तीस वर्षं यादवी चालली आणि दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. तुमच्या त्या बाई कशामुळे निघाल्या ते मला ठाऊक नाही. तुम्ही कधी विचारलंत का?

आणि आता परत जाऊन रीतसर यायचं म्हटलं, तर 1996 च्या कायद्याने वर्षभराहून जास्त काळ कागदांशिवाय राहिलेल्याने देश सोडला की दहा वर्षं प्रवेशबंदी. म्हणजे आत राहिलं तर बेकायदा आणि बाहेर पडलं तर दार बंद. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

तुम्हाला वाटेल, ताईंना सगळ्या सीमा मोकळ्या करायच्या आहेत. तसं अजिबात नाही. कुणाला येऊ द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे असं मी मानते. आल्यावर सगळ्यांना नागरिकत्व द्यायलाच हवं, या मागणीवर प्रामाणिक मतभेद असू शकतात. तुमचा आणि तुमच्या मुलीचाही असू दे. सीमा ढिली ठेवली की सगळ्यात जास्त फावतं ते दलालांचं, आणि त्यात आपली माणसंही मरतात. गुजरातेतल्या डिंगुचा गावचं एक जोडपं आणि त्यांची दोन लेकरं जानेवारी 2022 मध्ये कॅनडातून अमेरिकेत पायी जाताना सीमेपासून हाकेच्या अंतरावर बर्फात गोठून गेली. 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेचं लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात तिघं महाराष्ट्रातली होती. हातात बेड्या, पायात साखळ्या. त्या दिवशी मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर 'बरं झालं, गेलेच का होते' असं लिहिणारेही होते, आणि तेच लोक स्वतःच्या व्हिसाच्या मुलाखतीआधी सिद्धिविनायकाला नारळ बोलतात. अमेरिकेत कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या भारतीयांची संख्या प्यू संशोधन केंद्राने 2021 साठी सव्वासात लाखांच्या घरात धरली होती. इतरांचे अंदाज बरेच कमी आहेत. पण कमीत कमी अंदाज धरला तरी ती काही लाख आपलीच माणसं आहेत. 'ते' म्हणून ज्यांच्याकडे तुम्ही बोट दाखवता, त्यांच्यात आपणही आहोत.

म्हणून आत कुणाला घ्यायचं हा एक प्रश्न, आणि आत असलेल्या माणसाशी कसं वागायचं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कितीही कडक असलं तरी दुसऱ्याचं बदलत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे 1886 मध्येच सांगितलं. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर परवाना लागायचा, आणि तो चिनी माणसांना जवळपास कधीच मिळत नसे. यिक वो खटल्यात न्यायालय म्हणालं, कायद्यापुढे सगळे समान, असं सांगणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचं संरक्षण नागरिकांपुरतं नाही, तिथे असलेल्या प्रत्येक माणसाला आहे. 1982 मध्ये टेक्सासच्या प्लायलर खटल्यात त्याच आधारावर ठरलं की कागदपत्रं नसलेल्या मुलांना सरकारी शाळेतून बाहेर ठेवता येणार नाही. तुम्हाला खुपणारं शाळेचं प्रकरण हे. सहा वर्षांच्या पोराने सीमा कुठे ओलांडायची ते ठरवलेलं नसतं. आणि परवान्याचं म्हणाल, तर न्यू जर्सीत 2021 पासून कागदपत्रं नसलेल्यांनाही गाडी चालवण्याचा परवाना मिळतो. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. तुमच्या गाडीला मागून ठोकणाऱ्याकडे परवाना आणि विमा असावा, यात तुमचंच भलं आहे.

वेतनाच्या हक्काबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या घरात तोच प्रश्न उभा आहे. कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ हे स्वतः मेक्सिकन वंशाचे. तरी त्यांची संघटना 1970 च्या दशकात कागदपत्रं नसलेल्या मजुरांच्या विरोधात उभी राहिली, कारण मळेवाले संप फोडायला त्यांनाच आणत. म्हणजे 'हे लोक आमची मजुरी पाडतात' ही तक्रार द्वेषातूनच येते असं नाही, तिच्यात तथ्य असतं. पण मजुरी पडते कशाने? माणूस कागदांशिवाय आहे, म्हणून तक्रार करू शकत नाही, म्हणून स्वस्त पडतो. त्याला पूर्ण वेतन मागता आलं की त्याला मुद्दाम आणण्यातला मालकाचा फायदा संपतो. पुढे त्या संघटनेनेही भूमिका बदलली आणि त्या मजुरांच्या बाजूने उभी राहिली. तुमच्या गल्लीत मुलं सांभाळणारी एखादी नागरिक बाई असेल, तिला काम मिळत नसेल, तर त्याचं कारण तुमच्या बाईंनी केलेली पगाराची मागणी नव्हे. तीन वर्षं तशी मागणी झाली नाही, हे कारण आहे.

एच-वन-बीवाले वेगळे आणि बिनकागदवाले वेगळे, ही रेघही तुम्हाला वाटते तितकी पक्की नाही. 20 जानेवारी 2025 ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जन्माने मिळणारं नागरिकत्व काही मुलांना नाकारणारा हुकूम काढला. त्यात कागदपत्रं नसलेल्या आईची मुलं होती तशीच तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या आईचीही होती, वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील तर. न्यायालयांनी तो रोखला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तुमचा धाकटा 2018 ऐवजी त्या हुकमानंतर जन्मला असता, तर त्या कागदावर तो आणि त्या बाईंचं बाळ एकाच ओळीत बसले असते. इतिहासात हे आधीही झालं आहे. 1923 मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, सबब त्याला नागरिक होता येणार नाही. मिळालेली नागरिकत्वंही काढून घेतली गेली. 1946 मध्ये दार किलकिलं झालं, ते वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले. ब्रिटिशांमुळे मायदेशी परतता येईना, तेव्हा 1924 च्या सुमारास त्यांना थारा दिला तो मेक्सिकोने. चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी मेक्सिकन मुलांना शेती शिकवली, मक्यावर संशोधन केलं. ही गोष्ट यजमानांना जरूर सांगा.

आता तुमच्या लेकीचं. पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त तिथे थांबले. ती मोर्च्यांना जाते याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं. मला तिची भीती दिसली. ती चार वर्षांची आली, म्हणजे तिला आठवतं ते सगळं न्यू जर्सी आहे. पण ती तुमच्या नावावर आहे, एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर. एकविसाव्या वाढदिवसाला तो आधार सुटतो. तुमची तारीख 2016 ची. दोन वर्षांत नंबर लागण्याची आशा धरून बसता येणार नाही. मग तिला विद्यार्थी व्हिसा शोधायचा, नंतर नोकरी, नंतर एच-वन-बीची लॉटरी. आणि तुम्ही ग्रीन कार्डाच्या रांगेत जिथे आज आहात, त्याच्याही मागे तिने नव्याने उभं राहायचं. हे नाहीच जमलं तर जिथलं काही आठवत नाही त्या पुण्याला परत. तिचा धाकटा भाऊ मात्र जन्मापासून अमेरिकन.

2012 मध्ये ओबामांनी डाका नावाची योजना आणली. लहानपणी आणलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि कामाची परवानगी मिळाली. तुमच्या मुलीला ती लागू नाही, कारण त्यासाठी जून 2007 पासून अमेरिकेत असावं लागे, आणि तेव्हा कायदेशीर कागद असलेल्यांना ती मुळातच नव्हती. म्हणजे ज्यांच्या आईबापांनी सगळं नियमाने केलं, ती मुलं बाहेरच राहिली. अशा मुलांसाठीही विधेयकं आली, मंजूर झाली नाहीत. कायदा आपल्याला कधीही परका करू शकतो, हे तिला घरातल्या कुणाहीपेक्षा लख्ख कळलं आहे. वडील जेवताना 'एक फोन केला तर उद्या विमानात' म्हणाले, तेव्हा ते वाक्य तिला त्या बाईंपुरतं ऐकू आलं नसणार. ती ताटावरून उठली ती म्हणून. तिच्याशी राजकारणावर वाद घालू नका. तिला विचारा, एकविसाव्या वर्षाचं तुला भय वाटतं का? आणि मग गप्प बसून ऐका. यजमानांनाही शेजारी बसवा. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत जाता आलं नाही, ही गोष्ट त्यांनी तिला मोकळेपणी कधी सांगितली नसेल तर सांगावी. दोघांना जाळणारा जाच एकच आहे. बोलले तर त्यांना ते लवकर कळेल.

त्या बाईंच्या बाबतीत आधी मागची बाकी चुकती करा. किमान वेतन आणि दिलेला पगार यांतला फरक तीन वर्षांचा काढा, आजारपणाचे दोन दिवस त्यात धरा, कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. तिथे थकलेल्या वेतनाचा दावा सहा वर्षं मागे जाऊन करता येतो, पण त्यांनी दावा लावण्याची वाट बघू नका. पुढे त्यांना ठेवायचं की नाही, हा निर्णय इमिग्रेशनच्या चांगल्या वकिलाला विचारून घ्या. तुमचा स्वतःचा अर्ज चालू असताना जाणूनबुजून असं नेमणं तुम्हाला महागात पडू शकतं. रोख पगाराच्या कराचंही करसल्लागाराकडून निस्तरून घ्या. वकील म्हणाला थांबवा, तर नोटिशीचे दोन आठवडे पगारासकट द्या आणि धाकट्याला त्यांचा नीट निरोप घेऊ द्या. त्याचा तर काही दोष नाही. त्यांच्या परिस्थितीत कायद्याने काही वाट आहे का, हे त्यांना त्यांच्याच वकिलाकडून कळायला हवं. बिनसरकारी संस्थांमध्ये असा सल्ला अनेकदा फुकट मिळतो. तुम्ही किंवा मी तो देऊ नये. वकील नसताना 'नोटरी' म्हणवून सल्ला विकणाऱ्या भामट्यांपासून मात्र त्यांना जरूर सावध करा.

वकिलाकडे जाल तेव्हा मुलीचं काम वेगळं काढा. वयाचा हिशेब करताना काही दिवस वजा होण्याची तरतूद कायद्यात आहे. तिच्या बाबतीत ती कितपत उपयोगी पडते, विद्यार्थी व्हिसाचा अर्ज नेमका कधी करायचा, कॉलेजची फी कोणत्या दराने लागेल, हे वाढदिवसाच्या दीड-दोन वर्षं आधीच विचारायचं असतं, म्हणजे आत्ताच. तिला बरोबर न्या, आणि प्रश्न तिलाच विचारू द्या.